राणीची हाक, कामकऱ्यांचा कौल

मधमाश्यांची वसाहत फुटते आणि जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन निघून जाते. मागे राहिलेल्या पेटीत पुढचा आठवडाभर वरवर पाहता काही घडत नाही. कामकरी माश्या मकरंद आणतात, पिल्लांना भरवतात, दारावर पहारा देतात. मग एखाद्या संध्याकाळी वारा पडल्यावर पेटीच्या लाकडाला कान लावावा, तर नेहमीच्या गुणगुणीवर चढलेला एक वेगळाच सूर ऐकू येतो. आधी एक लांब ‘टूऽऽ’ आणि त्याला लागून आखूड ‘टू-टू-टू’. थोड्याच वेळात पोळ्याच्या दुसऱ्या बाजूने घोगऱ्या, दबक्या आवाजात ‘क्वक्-क्वक्-क्वक्’ असे उत्तर येते. कधी एकाच ठिकाणाहून, कधी दोन-तीन ठिकाणांहून.

हाक मोकळ्या राणीची असते. तिला ओ देतात त्या अजून आपापल्या मेणघरात कोंडलेल्या राण्या.

हा संवाद समजून घ्यायचा तर आधी दिवसांचा हिशेब मांडायला हवा. युरोपीय मधमाशीची, म्हणजे आपल्याकडे पेटीवाले जिला मेलिफेरा म्हणतात तिची राणी अंड्यापासून सोळाव्या दिवशी पूर्ण वाढून बाहेर पडते. कामकरी माशीला एकवीस दिवस लागतात, नराला चोवीस. वसाहत फुटायच्या तयारीला लागली की माश्या पोळ्याच्या कडेला शेंगेएवढी, खाली तोंड करून लोंबणारी राणीघरे बांधतात. घर एक नसते, अनेक असतात आणि त्यांतल्या अळ्यांची वयेही थोडी मागेपुढे असतात. साधारण आठव्या-नवव्या दिवशी पहिल्या राणीघराचे तोंड मेणाने बंद होते आणि हवा बरी असेल तर त्याच सुमारास जुनी राणी पहिला थवा घेऊन उडते. त्यानंतर आठवडाभराने पहिली कुमारी राणी मेण कुरतडून बाहेर येते. बाकीच्या तिच्यामागे तासा-दिवसांच्या अंतराने तयार होत असतात.

इथे दोन वाटा फुटतात. वसाहतीत माश्या थोड्याच उरल्या असतील, तर कामकरी मध्ये पडत नाहीत. पहिली राणी इतर राणीघरांच्या भिंतींना भोक पाडून आतल्या बहिणींना नांगी मारते. कामकरी माशीची नांगी माणसाच्या कातडीत अडकून तुटते, पण राणीच्या नांगीवर काटे जवळजवळ नसल्याने ती पुन्हा पुन्हा वापरता येते. वसाहत भरलेली असेल आणि अजून एक-दोन थवे सोडण्याइतके बळ तिच्यात असेल, तर चित्र पालटते. कामकरी माश्या उरलेल्या राणीघरांभोवती दाटी करतात, मोकळ्या राणीला तिथून हुसकतात, आणि आतली राणी झाकण कुरतडू लागली तर ते बाहेरून पुन्हा मेणाने लिंपतात. आतल्या राणीला उपाशी मात्र ठेवत नाहीत. झाकणातल्या फटीतून ती जीभ बाहेर काढते आणि कामकरी तिला भरवतात. पूर्ण वाढलेली राणी अशी काही दिवससुद्धा कोंडलेली राहू शकते.

राणीघरांपाशी फिरकू न दिलेली मोकळी राणी मग पोळ्यावर थांबते, पायांनी मेण घट्ट धरते, छाती त्याला टेकवते आणि पंख पाठीवर मिटलेले ठेवून उडण्याचे स्नायू थरथरवते. पंख हलत नाहीत. उडण्याची ताकद वाऱ्यावर खर्च न होता छातीतून थेट मेणात उतरते आणि सगळे पोळे कंप पावते. या हाकेची कंपनसंख्या सेकंदाला साधारण 400 असते. पेटी वाजवणाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला सूर. कोंडलेल्या राणीचा सूर त्याहून खालचा, पांढरी चारच्या आसपास. लयही वेगळी असते. मोकळ्या राणीची सुरुवात सुमारे सेकंदभराच्या लांब स्वराने होते आणि मग पाव सेकंदाचे तुकडे येतात, तर कोंडलेलीचे तुकडे सुरुवातीपासूनच आखूड. डेन्मार्कचे अॅक्सेल मिकेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये या दोन्ही कंपनांचे बारकाईने मापन प्रसिद्ध केले.

आपण कानाने ऐकतो तो या व्यवहाराचा बाहेर सांडलेला भाग आहे. मधमाशीला आपल्यासारखा कान नाही. तिच्या पायांत गुडघ्याच्या जरा खाली एक संवेदनशील अवयव असतो आणि पायाखालच्या मेणाची थरथर तिला तिथून कळते. राणीची हाक घुमली की त्या पोळ्यावरच्या कामकरी माश्या जागच्या जागी थबकतात. चालणारी चालायची थांबते, भरवणारी मान वर करत नाही. हाक संपली की काही घडलेच नव्हते अशा बेताने काम पुढे सुरू होते.

हे थबकणे सगळ्यात आधी नीट नोंदवले ते जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्युबर यांनी, आणि ह्युबर आंधळे होते. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली. फ्रांस्वा ब्यूरनां हा त्यांचा सेवक त्यांचे डोळे झाला. ह्युबर प्रश्न काढायचे, प्रयोग आखायचे. ब्यूरनां तासन्‌तास पेटीसमोर बसून पाहायचा आणि दिसेल ते सांगायचा. पुस्तकाच्या पानांसारखी एकेक चौकट उघडता येईल अशी पेटी ह्युबर यांनी खास त्यासाठी बनवून घेतली होती. त्यांचे निरीक्षणांचे पुस्तक 1792 मध्ये निघाले. राणीचा पवित्रा, पाठीवर मिटलेले पंख, आवाज होताच स्तब्ध होणाऱ्या माश्या, हे सगळे त्या कामात आहे. मधमाशीच्या अभ्यासाच्या इतिहासात या जोडीइतका आदर वाटावा अशी माणसे थोडी आहेत आणि त्यातला ब्यूरनांचा वाटा फार कमी वेळा सांगितला जातो.

ह्युबर यांचे लक्ष आणखी एका आवाजाकडे गेले होते. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला एक मोठा निशाचर पतंग रात्री पेटीत शिरून मध पितो आणि धरला तर चिरका आवाज काढतो. त्याचे भाऊबंद भारतातही आहेत आणि मधाच्या चोरीसाठी ओळखले जातात. हा चिरका आवाज राणीच्या हाकेची नक्कल असावा आणि त्याने माश्या थिजत असाव्यात, ही कल्पना तेव्हापासून पुस्तकांतून फिरते आहे. कल्पना मोहक आहे, पण तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही. 1991 मध्ये दाखवून दिले गेले ते वेगळेच: या पतंगाच्या अंगावरच मधमाश्यांच्या अंगावर असतात तशी स्निग्ध द्रव्ये असतात, त्यामुळे अंधारात तो परका म्हणून ओळखू येत नाही. वासाचा हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेटीत नवी राणी देताना तोच आडवा येतो.

ह्युबर यांच्याही आधी, जवळपास दोन शतके, इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातले एक धर्मोपदेशक चार्ल्स बटलर या हाकेने भारावले होते. संगीताचे ते जाणकार होते. पोळ्यावर राज्य करणारी माशी राजा नसून राणी आहे, हे ठासून सांगणारे त्यांचे पुस्तक 1609 मध्ये आले. त्यात त्यांनी राण्यांचे सूर स्वरलिपीत लिहिले आणि 1623 च्या आवृत्तीत त्या सुरांवर चार आवाजांसाठी एक गीतच रचले. बटलर यांच्या मते हा संवाद मायलेकींचा होता: राजकन्या थवा घेऊन जाण्याची परवानगी मागते आणि आई ती आधी नाकारते, मग देते. कान त्यांचा अचूक होता. दोन वेगळे आवाज, एकाला दुसऱ्याचे उत्तर आणि पाठोपाठ थव्याचे उड्डाण, हे तिन्ही त्यांनी बरोबर हेरले. चूक झाली ती पात्रांत. आई तर केव्हाच पहिल्या थव्याबरोबर गेलेली असते. बोलतात त्या बहिणी.

पुढे बहुतेकांनी या हाकेचा अर्थ आव्हान असा लावला. मोकळी राणी शत्रूंचा ठाव घेते, कोंडलेल्या तिला ललकारतात, असे. युद्धाची ही भाषा सोपी असल्याने टिकली. पण कोंडलेल्या राणीने आपला पत्ता जाहीर करावा कशासाठी, हा प्रश्न तिच्यात सुटत नाही.

2020 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या मार्टिन बेन्सिक यांच्या गटाने या कोड्यावर नवा प्रकाश टाकला. त्यांनी पंचवीस वसाहतींमध्ये कंपने टिपणारे छोटे संवेदक ठेवले आणि रात्रंदिवस नोंद घेतली. पेटी न उघडता, धूर न देता. नोंदींतून दिसले ते असे. मोकळी राणी पोळ्यावर फिरत असेपर्यंत तिची हाक चालू राहते आणि कोंडलेल्या ओ देत राहतात. एक दिवस हाक अचानक थांबते, कारण ती राणी थवा घेऊन गेलेली असते. काही तास फक्त कोंडलेल्यांचे आवाज येतात. मग त्यांच्यातली एक सुटते आणि पेटीत पुन्हा हाक घुमू लागते. आणखी थवा सोडण्याइतक्या माश्या उरलेल्या असेपर्यंत हे चक्र फिरते. शेवटी कामकरी अंग काढून घेतात आणि उरलेल्या राण्यांचा निकाल आपापसांत लागतो.

म्हणजे या हाकेकडे कामकरी माश्यांच्या बाजूने पाहायला हवे. गच्च अंधारात, हजारो माश्यांच्या गर्दीत, ‘एक राणी मोकळी आहे, दुसरी सोडू नका’ ही खबर एका क्षणात सगळ्या पोळ्यावर पोचवायची तर पायाखालच्या मेणातून जाणाऱ्या थरथरीहून चांगले साधन नाही. ‘आत अजून राण्या तयार आहेत’ ही दुसरी खबर. दोन्ही मिळाल्या की कुलूप केव्हा उघडायचे हे कामकरी ठरवतात. राणी हे नाव आपण दिले. सत्तेची जागा मात्र दुसरीकडेच आहे, आणि मधपाळाला याचा अनुभव येतो तो विकत आणलेली राणी पेटीत देताना.

सगळ्यात जास्त राण्या मरतात त्या एका घाईमुळे. वसाहत फुटून दोन आठवडे झाले, पेटी उघडली, अंडे दिसत नाही, लहान अळी दिसत नाही. पेटीत राणीच नाही असे समजून मधपाळ पैसे मोजून राणी आणतो आणि आत सोडतो. दुसऱ्या दिवशी ती दारासमोर मेलेली मिळते. प्रत्यक्षात पेटीत कुमारी राणी फिरत असते. ती अंगाने बारीक, चपळ, गर्दीत लपणारी. बाहेर आल्यावर तिला पक्व व्हायला पाच-सहा दिवस लागतात. मग चांगल्या हवेच्या दुपारी ती उडते, हवेतच साधारण दहा ते वीस नरांशी तिचे मीलन होते आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पहिली अंडी दिसतात. पावसाळी हवा आडवी आली तर हे सगळे आणखी लांबते. जुनी राणी गेल्यापासून तीन आठवडे अंडे न दिसणे हे चिंतेचे कारणच नव्हे.

अशा वेळी संध्याकाळी पेटीला कान लावणे हा फुकटचा आणि भरवशाचा उपाय आहे. हाक ऐकू आली तर राणी आहे, हात आवरावा. ऐकू आली नाही म्हणून राणी नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण प्रतिस्पर्धी उरल्या नाहीत की राणी गप्प होते. तेव्हा दुसऱ्या वसाहतीतली, अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट त्या पेटीत ठेवावी. पेटी खरोखर निराधार असेल तर दोन-तीन दिवसांत माश्या त्या चौकटीवर राणीघरे उभारू लागतात. नुसती पिल्ले वाढवत राहिल्या, तर राणी आहे असे समजावे.

राणी गेल्याचे माश्यांना इतक्या लवकर कळते कसे, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यात झाला. इंग्लंडच्या रॉथम्स्टेड संशोधन केंद्रातल्या कॉलिन बटलर यांनी 1950 च्या दशकात राणीद्रव्याची कल्पना मांडली: राणीच्या अंगावरचे काहीतरी माश्या चाटतात, एकमेकींना देतात आणि तेवढ्यावर वसाहत शांत राहते. त्यातला प्रमुख रेणू लवकरच ओळखला गेला. 1988 मध्ये कॅनडातल्या कीथ स्लेसर, मार्क विन्स्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की राणीच्या जबड्याच्या ग्रंथींतली पाच द्रव्ये एकत्र आल्यावरच पूर्ण परिणाम साधतो. कुमारी राणीत या द्रव्यांचे प्रमाण कमी असते आणि अंडी घालू लागलेल्या राणीत भरपूर. राणी काढून घेतली की काही तासांतच वसाहत अस्वस्थ होते, आवाज बदलतो, आणि एक-दोन दिवसांत कोवळ्या अळ्यांवर तातडीची राणीघरे सुरू होतात.

नवी राणी द्यायची ती या अस्वस्थतेच्या काळात, आणि पिंजऱ्यातून. आज वापरात असलेल्या पिंजऱ्यांचा पूर्वज म्हणजे अमेरिकेच्या फ्रँक बेंटन यांचा लाकडी ठोकळा. त्यात तीन गोल खळगे ओळीने कोरलेले आणि वर तारेची जाळी. एका खळग्यात खाद्य, उरलेल्या दोहोंत राणी आणि सोबतीच्या काही कामकरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेंटन सायप्रस आणि आसपासच्या प्रदेशांतून राण्या टपालाने समुद्रापार पाठवत होते. आग्या माशी पेटीत पाळता येईल का, हे पाहण्यासाठी ते सिलोन आणि जावापर्यंतही जाऊन आले. उघड्यावर एकच प्रचंड पोळे बांधणारी आग्या पेटीत रमली नाही, पण त्यांचा पिंजरा जगभर गेला.

पिंजऱ्याची खरी हुशारी खाद्यात आहे. पिठीसाखर आणि मध मळून केलेली घट्ट कँडी बाहेर जाण्याच्या भोकात ठासलेली असते. पेटीतल्या माश्या ती बाहेरून खातात, राणी आणि सोबतिणी आतून. वाट मोकळी व्हायला साधारण तीन-चार दिवस लागतात. तेवढ्यात राणीचा वास जाळीतून वसाहतभर पसरतो आणि राणीच्या अंगालाही त्या पेटीचा वास लागतो. माणसाचा हात न लागता, गडबड न होता ती बाहेर येते.

हे घडावे म्हणून काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुनी राणी आधी शोधून काढलेली हवी, आणि पेटीत एकही राणीघर उरता कामा नये. चौकटीवरच्या माश्या झटकल्याशिवाय कोपऱ्यातले राणीघर दिसत नाही. पिंजरा पिल्लांच्या दोन चौकटींच्या मध्ये, जाळी माश्यांकडे राहील असा लावायचा, कारण पिल्लांना भरवणाऱ्या कोवळ्या माश्या तिथेच असतात आणि परकी राणी सगळ्यांत आधी त्याच स्वीकारतात. बाहेर काम करणाऱ्या वयस्क माश्या जास्त कडव्या असतात. म्हणून राणी आधी चार-पाच चौकटींच्या लहान वसाहतीत रुळवून मग मोठ्या पेटीत जोडणारे मधपाळ पुष्कळ आहेत. फुलोरा असताना काम सोपे जाते. नसेल तर साखरपाणी द्यावे. सोबतिणी परक्या वासाच्या असल्याने काही जण त्यांना काढून राणी एकटीच पिंजऱ्यात ठेवतात.

माश्यांचा कौल जाळीवर वाचता येतो. दोन-तीन दिवसांनी पिंजरा हलकेच वर घ्यावा. माश्या जाळीला जबड्यांनी करकचून धरून, पोटे वाकवून, एकमेकींवर चढून बसल्या असतील आणि बोटाने सारूनही हटत नसतील, तर राणी सोडणे म्हणजे तिला मारणे. त्या जाळीवरून सैल फिरत असतील, जिभा आत घालून राणीला भरवत असतील, बोट लावताच बाजूला होत असतील, तर कँडी संपू द्यावी. अवेळी सुटलेल्या राणीभोवती माश्या घट्ट गोळा करतात. त्या गोळ्यात ती चावे, नांग्या आणि उष्णतेने मरते. वेळीच लक्षात आले तर जुने मधपाळ तो गोळा सरळ पाण्याच्या भांड्यात टाकतात. माश्या सुटतात, राणी पुन्हा पिंजऱ्यात जाते. परक्या पेटीत दिलेली, मीलन झालेली राणीसुद्धा कधी कधी हाक देते, हेही मधपाळांना माहीत आहे. तेवढ्याने घाबरून पेटी उघडू नये. सुटका झाल्यावर आठवडाभर तिला हात न लावणे हेच बरे.

फार दिवस राणीविना राहिलेली पेटी हा वेगळाच पेच असतो. राणी नाही, पिल्लांचा वास नाही, अशा वसाहतीत काही कामकरी स्वतः अंडी घालू लागतात. त्यांचे मीलन झालेले नसल्याने त्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि वसाहत खंगत जाते. एका घरात राणीचे एक अंडे असायचे, तिथे वेडीवाकडी अनेक अंडी दिसतात. अशी पेटी दिलेली राणी बहुधा मारूनच टाकते. आपल्या सह्याद्रीतल्या सातेरी माशीत हा टप्पा मेलिफेरापेक्षा लवकर येतो. राणी गेल्याचे कळायला मधपाळाला उशीर झाला की खेळ संपतो.

महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी पाळण्याची परंपरा जुनी आहे. तिथले मांघर हे गाव 2022 मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. सातेरीच्या कुमारी राण्याही हाक देतात आणि ही माशी फुटण्यात आणि न आवडलेली जागा सोडून जाण्यात तरबेज आहे. त्यामुळे सातेरीच्या मधपाळासाठी पिकायला आलेले राणीघर हे मोठे धन. चांगल्या वसाहतीतले राणीघर मेणासकट अलगद कापून निराधार पेटीच्या चौकटीवर बसवले, तर राणी त्या पेटीतच जन्मते, तिथलाच वास घेऊन वाढते, आणि परकेपणाचा प्रश्न बराच सौम्य होतो. घर उलटे करायचे नाही, दाबायचे नाही, पिल्लांच्या उबेतच ठेवायचे, एवढे पथ्य.

राणी स्वीकारली गेली तरी कामकऱ्यांचा हक्क संपत नाही. अंड्यांचा आकृतिबंध विरळ वाटला, राणी प्रवासात दुखावली असली, किंवा तिच्या वासात काही कमी पडले, तर माश्या पोळ्याच्या मध्यावर एक-दोन राणीघरे बांधतात आणि गाजावाजा न करता तिची जागा दुसरीला देतात. म्हणून राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत उपयोगी ठरते. वर्षाचा शेवटचा आकडा 1 किंवा 6 असेल तर पांढरा, 2 किंवा 7 ला पिवळा, 3 किंवा 8 ला लाल, 4 किंवा 9 ला हिरवा, 5 किंवा 0 ला निळा. तीन महिन्यांनी पेटी उघडल्यावर अंडी भरपूर आहेत, माश्या शांत आहेत, पण राणीच्या पाठीवर ठिपका नाही असे दिसले, तर मधपाळाने विकत आणलेली राणी केव्हाच गेलेली असते आणि समोर चालते ती माश्यांनी स्वतः घडवलेली असते.